घरचं अग्निप्रदीपन

थंडीच्या गोष्टी सांगायला लागले की पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी हसतात. इंदापूर तालुका म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे ऊन आणि बाभळी येतात. त्यांना एकदा दिवाळीच्या सुमारास निरवांगीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवर मुक्कामाला आणणार आहे. तीन बाजूंनी ऊस, चौथीकडे नीरा नदी, आणि उसाला पाणी चालू असलं की पहाटे अंगणात पाऊल टाकवत नाही. अशा वेळी ज्याला गरम पाण्याची आंघोळ मिळते तो माणूस, बाकीची नुसती लोकसंख्या.

मी मूळची बारामतीची. फ्लॅटमध्ये वाढले. भिंतीवरचं बटण दाबलं की गरम पाणी येतं, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन इथे आले तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी उभा असलेला तांब्याचा बंब बघून मी नवऱ्याला विचारलं होतं, "हे अजून चालतं?" तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आबांसमोर 'हे' म्हणू नको."

आबा म्हणजे माझे सासरे. सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून त्यांची उभी हयात गेली. त्याचं सरकारी सर्टिफिकेट देवघराशेजारी फ्रेममध्ये लावलेलं आहे आणि दसऱ्याला देवांबरोबर त्यालाही फूल मिळतं. आबांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, आग कळणारी आणि न कळणारी. मी दुसऱ्या प्रकारातली. त्यात शाळेत मास्तरीण, म्हणजे कुणाकडून काही शिकून घेण्याची सवयच गेलेली.

तसा बंब साधाच असतो. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधोमध एक नळी, नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. वरून गार पाणी ओतायचं, खालच्या तोटीनं गरम काढायचं. पण आबांच्या हाताखाली आला की साधा बंबही कारखाना होतो. सगळ्यांत मोठा नियम पाण्याचा. जो बादली काढेल त्यानं लगेच बादली ओतायची. कितीही घाई असो, अंगावर साबण असो, पाहुणे दारात असोत. शिवाय दिवेलागणीला आबा स्वतः बंब काठोकाठ भरून ठेवायचे. कारखान्यातली पाळी सोडताना पाणी भरून सोडायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मग पहाटे पाचला उठून दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं आणि दोन ढलप्या टाकून ते जाळ करायचे, आणि सहा वाजता घरभर धूर आणि कढत पाणी एकदमच हजर व्हायचं. पाण्याचं मला कौतुक होतं. धुराचं नव्हतं. वर्गात मुली विचारायच्या, बाई, तुमच्या केसांना हुरड्याचा वास येतो का हो. मी रोज घरी येऊन सोलरचा विषय काढायची आणि रोज तो विषय आबांच्या खोकल्यापाशी संपायचा.

दर हंगामाआधी कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. मांडव घालतात, पूजेला एखादं जोडपं बसवतात, पाहुण्यांच्या हस्ते आग लावतात आणि मग भाषणं. आबांनी असे कितीतरी समारंभ भट्टीच्या बाजूनं पाहिले. पाहुण्यांनी फोटोपुरती काडी ओढायची आणि खरी आग आबांनी लावायची. निवृत्त झाल्यावर आबांनी तो समारंभच घरी आणला. कारखान्याचा बॉयलर पेटला की त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमचा बंब पेटणार. पूजेला आबा आणि आत्या जोडीनं बसणार. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सूत्रसंचालन माझ्या नवऱ्याकडे. नारळ फुटला की आबा टोपी सारखी करून दोन शब्द बोलणार. "सालाबादप्रमाणं यंदाबी आपला हंगाम सुरू हुतोय. सभासदांनी सहकार्य करावं. काढलं की भरावं." सभासद म्हणजे नवरा, आत्या, मी आणि भिंतीवरची पाल. मला पहिल्या वर्षी हसू आवरेना. आत्या कानात म्हणाल्या, "हासू नगं. आभार तुला मानायचं हायत."

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. शिक्षिकांचं समूहनृत्य बसवलं होतं आणि डोक्यात चांदीची चमकी ओतायची टूम माझीच. घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. लाईट नव्हती, म्हणून मोटर नाही, म्हणून वरची टाकी कोरडी. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत अधिकारी तपासणीला येणार होते. चमकी लावून त्यांच्यासमोर उभं राहायचं कसं? बंब तेवढा भरलेला होता. आबांनी तासाभरापूर्वीच भरलेला, गारच, पण स्वच्छ. मी एक बादली काढली. चमकी हलली नाही. दुसरी काढली. असं करत चौथ्या बादलीला तोटीतून थेंब थेंब यायला लागलं तेव्हा थांबले. लाईट आली की मोटर लावून भरू, असं ठरवलं आणि ओल्या केसांनी पडल्या पडल्या झोपून गेले.

पहाटे आबांनी जाळ केला. त्या घरात बंब रिकामा असू शकतो ही गोष्टच त्यांना माहीत नव्हती. थोड्या वेळानं त्यांना आवाज वेगळा वाटला. पाणी तापताना बंब गुणगुणतो, तो गुणगुणत नव्हता, तडतडत होता. दुसरा कुणी असता तर घाबरून वरून पाणी ओतलं असतं आणि सगळंच फुटलं असतं. आबांनी चिमट्यानं सगळी आग बाहेर ओढली. पण तोवर नळीच्या बुडाशी सांधा धरणारा डाख वितळला होता. मी दचकून बाहेर आले तेव्हा अंगणात निखारे पसरलेले होते आणि आबा बंबाकडे बघत उभे होते. नवरा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "आबा, आता ऱ्हाऊ द्या. तुमच्या लक्षात ऱ्हात न्हाय."

बोलायचं होतं ते त्याच क्षणी. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आबा म्हणाले, "व्हय. न्हाय ऱ्हात." आणि आत गेले. मग मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, रविवारी निवांत सांगू. रविवारपर्यंत नवऱ्यानं सोलरवाल्याला फोन केला होता. मला किती वर्षं सोलर हवा होता हे वर सांगितलंच आहे. सरळ सांगते, त्या आठवड्यात मला थोडा आनंदही झाला. आता लिहिताना स्वतःचाच कान धरावासा वाटतो, पण झाला होता.

सोलर आला. उन्हाळ्यात, जेव्हा कुणालाच गरम पाणी नको असतं, तेव्हा त्यानं चहा करता येईल इतकं कढत पाणी दिलं. बंब गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेला. आबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी तर अधिकच प्रेमानं वागायला लागले, म्हणजे मला जेवण जाईना.

आणि मग आबा बदलायला लागले. आधी आमच्या लक्षात आलं नाही. ते आत्यांना विचारायचे, "म्या शेळीला पाणी दावलं का गं?" पाजलेलं असायचं. फाटक लावून आले की पुन्हा जाऊन बघायचे. विहिरीवरची मोटर सुरू करायला एकटे जाईनात, नवऱ्याला बरोबर घ्यायचे, आणि स्टार्टर दाबला की त्याच्याकडे बघायचे, दाबला ना, असं. तालुक्याला एकटे जाणं बंद झालं. नवरा म्हणाला, वय झालं. मीही मान हलवली. शेजारपाजारच्यांनीही मान हलवली. म्हाताऱ्या माणसाबद्दल मान हलवायला काही लागत नाही.

पावसाळ्यात एकदा मी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात शाळेची छोटी वही निघाली. माझ्याच वर्गातली, मी त्यांना हिशेबाला म्हणून दिलेली. हिशेब नव्हता. आबांच्या ठसठशीत अक्षरात ओळीखाली ओळ होती. गोळी घेतली. फाटक लावलं. शेळीला पाणी पाजलं. मोटर बंद केली, पोरगा बरोबर होता. पानंच्या पानं. मी वही आत्यांना दाखवली. त्यांनी ती उलटी धरली, त्यांना वाचता येत नाही, पण काय असेल ते कळलं. म्हणाल्या, "त्येंच्या थोरल्या भावाचं असंच झालं व्हतं. आधी म्हशी पाजायचं इसरला, मग पोरांची नावं इसरला, मग घर. शेवटी शेवटी ह्येंनाच इचारायचा, पावनं कुठलं तुमी म्हणून. त्या बंबापास्नं ह्येंनी मनात घेतलंय, आता आपली पाळी."

मी मोरीवर बसून राहिले. चार बादल्या. माझ्या चमकीच्या चार बादल्या घेऊन हा माणूस सहा महिने स्वतःच्या डोक्यावर पहारा देत बसला होता. बंब भरल्याचं त्यांना नक्की आठवत असणार. आणि सकाळी तो रिकामा निघाला, म्हणजे आपलं आठवणं खोटं, असा त्यांनी हिशेब लावला होता. वर्गात एखाद्या पोरानं चूक लपवली की मी केवढा आवाज लावते. इथे मी स्वतःच तेच केलं होतं.

तरी त्या दिवशीही सांगितलं नाही. माझा स्वभाव असा की भांडायला मी एका पायावर तयार, पण माफी मागायची म्हटलं की आधी हातात काहीतरी काम हवं. मी ठरवलं, बंब दुरुस्त करून आणू आणि मग सांगू. दसऱ्यानंतरच्या रविवारी बंबाला गोधडीत गुंडाळलं आणि बारामतीच्या एसटीत चढवलं. नवऱ्याला सांगितलं, भंगारात द्यायच्या आधी माहेरी दाखवून आणते. हेही खोटंच, पण आता सवय झाली होती.

बंब खिडकीशेजारच्या सीटवर बसवला. गोधडीतून वरचं टोपण तेवढं दिसत होतं. कंडक्टर आला, त्यानं बंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पेशंट हाय का?"

"व्हय," मी म्हटलं. "दवाखान्यात निघालोय."

"वय काय?"

"माझ्या सासऱ्यांच्या लग्नातला आहे."

"मग ज्येष्ठ नागरिकात बसंल," तो म्हणाला आणि माझं तेवढं तिकीट फाडून पुढे गेला. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून वळून बंबाकडे बघत होत्या. एकीनं बारामती येईपर्यंत दोनदा विचारलं, त्येला खिडकी बंद करू का. कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

बारामतीत जुन्या पेठेत तांब्यापितळेची कामं करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी गोधडी सोडली, बंब आडवा केला, नळीत बॅटरी मारली आणि आत बोट फिरवून बघितलं.

"कोरडा पेटवलाय," ते म्हणाले.

"हो."

"पण हा बंब राखणाऱ्याचा आहे ताई. नळीला काजळी नाही. आत क्षाराचा पापुद्रा नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला दोन वर्षांत खडू जमतो. हे दरवर्षी कुणीतरी चिंचेनं धुतलेलं आहे. असा माणूस कोरडा पेटवत नसतो." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कुणी पेटवला?"

"मी," मी म्हटलं. मग म्हटलं, "पेटवला नाही. रिकामा केला. पेटवला सासऱ्यांनी. त्यांना माहीत नव्हतं."

"मग त्यांना सांगितलंत का?"

मी गोधडीची घडी घालायला लागले.

"डाख मी देतो," ते म्हणाले. "आठ दिवसांनी या. बाकीचं माझ्याकडे होत नाही."

आठ दिवसांनी बंब आणला. चिंचेनं घासून लखलखीत केलेला, तोंड बघून घ्यावं असा. अंगणात उतरवला तेव्हा आबा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. उठले नाहीत. नवऱ्यानं माझ्याकडे, हिचं डोकं फिरलंय, असं बघितलं.

"कशाला आणला?" आबा म्हणाले. "सोलर हाय की."

"सोलर सकाळी कोमट देतो आबा. धुकं पडलं की तेही नाही. दिवाळीची आंघोळ कोमट पाण्यानं करायची का?"

"मग पेटवा तुमी. म्या न्हाय हात लावणार."

"बरं. मला कुठं येतंय? तुम्ही सांगा, मी करते."

ही लबाडी मात्र कामी आली. आबांना बंबाला हात लावायचा नव्हता, पण दुसरा कुणी चुकीचा हात लावतोय हे बघवत नव्हतं. मी जाळाखालची जाळी उलटी बसवली, मुद्दाम नव्हे, मला खरंच कळत नव्हतं. बाजेवरून आवाज आला, "मास्तरीणबाई, उताणी झाली ती." मी राखेचं दार घट्ट लावलं. "त्येला श्वास घिऊ दे, मरंल." मी सरळ बंब भरून पेटवायला निघाले तेव्हा तर आबा बाजेवरून उठलेच. "टेस्ट न्हाय केली?"

टेस्ट म्हणजे अशी. न्हाणीघराच्या दाराशी बंबाच्या जागेवर कोरडी राख चाळून अंथरायची, अगदी पिठासारखी. त्यावर बंब ठेवायचा, काठोकाठ भरायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. एक थेंब जरी गळला तरी राखेवर काळा ठिपका पडतो. कारखान्यात बॉयलरची दाबावर परीक्षा घ्यायला सरकारी इन्स्पेक्टर यायचा. घरी इन्स्पेक्टर आबा. सकाळी त्यांनी गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून राख बघितली. मग आत्यांना हाक मारली. "तू बी बघ. ठिपका हाय का? मला दिसत न्हाय, का न्हायच?" आत्यांनी बघितलं. "न्हायच," म्हणाल्या. आबांनी मग नवऱ्यालाही बोलावलं. मग मला. चौघांनी चार वेळा बघितल्यावर त्यांचा विश्वास बसला. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी होते आणि माझ्या मनात एवढंच होतं की आता पुरे.

कारखान्याचा बॉयलर त्याच आठवड्यात पेटला होता. म्हणून येणाऱ्या रविवारी आमचा समारंभ. आत्यांनी बंबाला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेला दोघं जोडीनं बसले. नारळ नवऱ्यानं फोडला. काडेपेटी आबांसमोर ठेवली तर त्यांनी ती नवऱ्याकडे सरकवली. "तू लाव. म्या बसतो हितं." नवऱ्यानं घाईनं सूत्रसंचालन पुढे नेलं. "आता प्रास्ताविक," तो म्हणाला, "ते यंदा सभासदांपैकी कुणीतरी करावं, असं अध्यक्षांनी सुचवलंय." अध्यक्षांनी, म्हणजे आबांनी, काहीही सुचवलं नव्हतं. मी उभी राहिले.

शाळेत पंधरा ऑगस्टला शेकडो लोकांसमोर बोलते. तीन माणसांसमोर मी दोनदा पदर सारखा केला.

"सन्माननीय अध्यक्ष आणि सभासद," मी सुरुवात केली. "गेल्या हंगामात आपला बंब कोरडा पेटला. त्याचं कारण सभेपुढे ठेवायचं राहिलं आहे. आदल्या संध्याकाळी एका सभासदानं डोक्यातली चमकी धुवायला त्यातलं सगळं पाणी काढलं आणि भरलं नाही. तो सभासद मी आहे."

पुढचं वाक्य मी पाठ केलं होतं, ते आलं नाही. रडूच आलं. नवरा आ वासून माझ्याकडे बघत होता. आत्यांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

आबांनी चौकशी सुरू केल्यासारखं विचारलं, "किती बादल्या?"

"चार."

"तोटी बंद पडली व्हती?"

"थेंब थेंब येत होतं, मग थांबले."

"लाईट नव्हती त्या दिशी. गॅदरिंगला गेलतीस तू. सांच्याला उशिरा आलीस."

"हो आबा."

त्यांना सगळं आठवत होतं. दिवस, लाईट, माझं उशिरा येणं, सगळं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचा आवाज मध्येच थांबला. ते आत्यांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना असं विचारताना बघितलं, एखादं पोर निकाल विचारतं तसं.

"म्हंजी म्या भरला व्हता."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "भरला व्हता तुमी."

"म्या भरला व्हता," आबा नवऱ्याला म्हणाले.

"व्हय आबा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो उगाच नारळाची शेंडी उपटत होता. "मीच तोंड चालवलं. चुकलं माझं."

मग आबा माझ्याकडे वळले. मी म्हटलं आता काय बोलतील ते ऐकायचं, वर मान करायची नाही. "काढलं की भरायचं," ते म्हणाले. "किती येळा सांगितलं?"

"हजार वेळा."

"शाळंतल्या पोरांनी असं केलं तर काय करतीस?"

"कान धरायला लावते."

"धर मग."

मी धरला. दोन्ही धरले. आत्या पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. मी म्हटलं, "आबा, सगळी चूक माझी आहे."

"सगळी न्हाय," ते म्हणाले. "पेटवायच्या आधी टोपण काढून बघायचं, ती माझी. इन्स्पेक्टरनं तीच धरली असती. ती माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"पण तुम्हाला काय माहीत..."

"ती माझी म्हणतोय ना म्या," ते म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बांधलेली शेळी ओरडली. तो जोर आम्ही कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. मलाही मग चेव आला. मी म्हटलं, अशी कशी तुमची, आणि आम्ही दोघं चूक कुणाची यावर ओल्या डोळ्यांनी भांडायला लागलो. शेवटी आत्यांनीच वाटणी करून दिली, पाण्याची माझी आणि बघायची त्यांची.

आबा उठले. टोपण काढलं, मनगटापर्यंत हात आत घातला, ओला हात आम्हा तिघांना दाखवला आणि मग नवऱ्याच्या हातातून काडेपेटी घेतली. बुरकुंडं धरली. धूर सवयीनं थेट माझ्याकडे आला. थोड्या वेळानं बंब गुणगुणायला लागला. दोन शब्द बोलायचे राहिले, अशी नवऱ्यानं आठवण करून दिली तर आबा म्हणाले, "बोललो की मघाशी, तेवढंच."

त्यांना आता पुष्कळ बोलायचं होतं, पण आमच्याशी नाही. पहिली आंघोळ करून, गंध लावून ते डेअरीवर एकटे गेले आणि जेवायच्या वेळेला परतले. मग रोजच जायला लागले. आठवड्यात मला कळलं की आमच्या पंचक्रोशीत आता कुणाला काही ठाऊक नसेल, पण मास्तरीणबाईंनी बंब रिकामा केला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घालायला आलेला म्हणाला. गिरणीवाला म्हणाला. भाऊबीजेला नणंदेनं ओवाळायच्या आधी तेच काढलं. पालकसभेत एका आईनं पोराची तक्रार ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाली, बाई, चूक मानसाकडनंच हुतीया. आबा गोष्ट अगदी रंगवून सांगतात म्हणे, चमकीपासून. ऐकणारा हसतो, आणि मग आबा शेवटी एक बोट वर करतात आणि सांगायचं ते सांगतात.

मला एरवी कुणी एक शब्द बोललं तर मी दोन परत करते. या बाबतीत मी आजवर एकही परत केलेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं भिगवणला मासे खायला गेलो होतो. ओळखीचं कुणी नव्हतं. आबा हात धुवायला गेले ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलत उभे राहिले. थोड्या वेळानं तो माणूस मान वळवून माझ्याकडे बघायला लागला आणि हसत हसत म्हणाला, "तुमीच का हो त्या, बंब रिकामा केल्याल्या?"

"व्हय, मीच ती," मी म्हटलं. "आबांनी भरला होता."